डोंगऱ्याचा श्वास

घोडा दौडला की करवंट्या, पाखरू उडालं की चामड्याचे हातमोजे, आणि कुणाचं हाड मोडलं की कोवळी काकडी. असलं तिचं काम. सिनेमातली माणसं बोलतात ते त्यांचं ती बोलतात, पण ती चालतात, दार लोटतात, कूस बदलतात, चहात साखर ढवळतात, ते सगळे आवाज मागाहून कुणीतरी एका बंद खोलीत बसून करावे लागतात. ते कुणीतरी म्हणजे ही. तिच्या खोलीत जुन्या बुटांचा ढीग, वाळूची परात, दोन मोडके दरवाजे, सायकलचं एक चाक आणि कोपऱ्यात कॉर्नफ्लोअर भरलेली कापडी पिशवी. ती पिशवी मुठीनं दाबली की बर्फावरून चालल्यासारखा करकर आवाज येतो. पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवलं तरी पडद्यावर बर्फ दिसला की ते शाल घट्ट ओढून घेतातच.

बाळंतपणाची रजा संपवून ती या खोलीत परतली तेव्हा तिच्या पिशवीत एक नवीन यंत्र होतं, दूध काढायचा पंप. पोरगा घरी सासूबाईंजवळ. त्याला सगळे ढब्बू म्हणत, आणि त्यात वस्तुस्थितीपेक्षा आशाच जास्त होती, कारण पोरगा होता काडीसारखा.

सासूबाईंची अख्खी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत गेली होती. शास्त्राचे मास्तर आले नि गेले, पण काचेच्या नळ्या धुऊन पुसून जागेवर लावणाऱ्या आणि एक फुटली तर दिवसभर न जेवणाऱ्या त्या एकट्याच. मापाशिवाय कुठलीही गोष्ट त्यांच्या गळी उतरत नसे. सून संध्याकाळी घरी आली की तिच्या हातातली दुधाची बाटली त्या खिडकीपाशी नेत, डोळ्यांसमोर सरळ धरत, एक डोळा मिटत आणि दूध कुठल्या रेघेला टेकलंय ते बघत. मग बाटली खाली ठेवून नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"पेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

बरं, बाटलीवर निदान रेघा तरी असतात. अंगावर पाजताना काय कळणार? पोटात गेलं किती, बाहेर सांडलं किती, पोरगं पितंय की नुसतं लाडात आलंय, पुरावा काय? तुला कुठं रेघा मारल्यात, असं त्या एकदा जेवता जेवता सरळ म्हणाल्या, आणि त्यांच्या मुलाला असा ठसका लागला की पाठीवर थापा मारायला दोघींना उठावं लागलं.

तिला स्वतःला रेघांची गरज नव्हती. तिला ऐकू यायचं. ढब्बू आधी भराभर ओढायचा, मग पान्हा फुटला की त्याचं ओढणं लांबायचं, संथ व्हायचं, आणि मधूनच त्याच्या गळ्यात खोल कुठंतरी एक बारीकसा आवाज व्हायचा. घोट उतरल्याचा. दिवसभर खोटी पावलं आणि खोटी दारं वाजवणाऱ्या बाईला तो एक खरा आवाज ऐकला की जिवाचं सोनं झाल्यासारखं वाटायचं. तिनं सासूबाईंना सांगून पाहिलं. त्यांनी कान लावला, पंखा बंद केला, परत कान लावला आणि म्हणाल्या, मला काही ऐकू येत नाही बाई, तुझे कान धंद्याचे आहेत.

शेजारच्या बाईंनी आपली जुळी डब्याच्या दुधावर वाढवली होती. दोघं एकत्र जिना उतरले की इमारत हलायची. त्या भल्या मनानं सांगायच्या की डबा आण आणि मोकळी हो, माझ्याकडे बघ. त्यात चूक काहीच नव्हतं. तिचंही डब्याशी वैर नव्हतं. पण तिला पाजायचं होतं. आतून हवं होतं तिला ते, आणि ते आपल्या हातून निसटतंय या भीतीनं तिचा जीव खालीवर होत होता.

कारण निसटत तर होतंच. स्टुडिओत दूध काढायला जागाच नव्हती.

स्टुडिओचा मालक आणि दिग्दर्शक एकच माणूस. त्याला सगळे पाठीमागं पुन्हाएकदा म्हणत, कारण कसलाही आवाज, कितीही चांगला करून दिला तरी तो डोळे मिटायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, पुन्हा एकदा. माणूस वाईट नव्हता. पण हिनं कामावर आल्या आल्या त्याच्याकडे एखादा कोपरा मागितला तेव्हा तो आधी छताकडे बघत राहिला, मग घड्याळाकडे, आणि शेवटी म्हणाला, "जागा कुठाय हो? बाथरूम आहे की." तो नजर चुकवून बोलला आणि तीही नजर चुकवून बरं म्हणाली. असल्या बाबतीत माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथंच होतो.

आता ते बाथरूम. अख्ख्या मजल्याला एकच. आत बसून पंप लावला की मिनिटभरात दारावर टकटक. ठोठावणाऱ्याला काय सांगणार, थांबा, पान्हा येतोय? मग तिनं सामानाची खोली धरली. तिथं धूळ होती, एक उंदीर होता, आणि चहावाल्याच्या कपबशाही तिथंच असत. तो एकदा धाडकन दार उघडून आत आला, आणि दोघंही असे दचकले की पुढं कित्येक दिवस तो तिचा चहा तिच्याकडे न बघताच ठेवून जायचा. आणि दूध म्हणजे काही नळाचं पाणी नाही, तोटी फिरवली की आलं. जीव निवांत होईपर्यंत ते उतरतच नाही. छाती दगडासारखी भरलेली असायची आणि बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा.

सासूबाईंनी एका सोमवारी पावडरचा डबा आणला आणि फळीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. शनिवारपर्यंत बघू, त्या म्हणाल्या, बाटली भरली नाही तर डबा उघडायचा. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सासूबाईंचे डोळे भरलेले दिसले. उपाशी पोरगं मला बघवत नाही गं, असं त्या अगदी हळू म्हणाल्या. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, रडवेल्या माणसाशी काय भांडणार? 

त्या दिवसांत स्टुडिओत लहान मुलांच्या एका कार्टूनपटाचं काम चाललं होतं. बर्फाच्या मुलखात एक केसाळ, अवाढव्य प्राणी झोपलेला असतो. एक छोटी मुलगी त्याला टेकडी समजून त्याच्या पाठीवर खेळायला जाते आणि मग टेकडी श्वास घेते. प्राण्याचं नाव डोंगऱ्या. सगळा सिनेमा त्या श्वासावर उभा होता, आणि तो श्वास काही केल्या जमत नव्हता. तिनं भाता वापरून पाहिला, ओलं पोतं फरफटवलं, चटईची सुरळी करून त्यात फुंकलं. पुन्हाएकदाचं आपलं एकच. हा प्राणी भीतीदायक वाटतो, हा प्राणी आजारी वाटतो, हा प्राणी म्हणजे शिट्टी बिघडलेला कुकर वाटतो.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा तिच्या डोक्यात आलं की आपलीच खोली रिकामी आहे. आवाज आत येत नाही, बाहेर जात नाही, दार जाड, भिंतींना गाद्या. शेजारच्या यंत्रांच्या खोलीत उघडणारी काचेची खिडकी होती, तिच्यावर तिनं रजई टाकली. आतून कडी लावली आणि सवयीनं आपल्या नेहमीच्या स्टुलावर, माईकसमोर बसली. पंप सुरू केला. डोळे मिटले. ढब्बूची टाळू आठवली, तिचा तो कोमट वास आठवला, आणि बघता बघता पान्हा असा फुटला की तिला हसूच आलं. बाटली रेघांमागून रेघा चढत गेली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. या धंद्यात शांततासुद्धा रेकॉर्ड करतात. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा एक आवाज असतो, आणि दोन वाक्यांच्या मधे तो घातला नाही तर ऐकणाऱ्याला कान बंद झाल्यासारखं वाटतं. म्हणून रेकॉर्डिंग करणारे बटणकाका अधूनमधून जेवायला जाताना माईक चालू ठेवून जात, खोलीत कुणी नाही अशी खात्री करून. खोलीबाहेर त्यासाठी लाल दिवा होता. तो दिवा बरेच दिवस गेलेला होता, आणि उद्या बदलू असं सगळेच रोज म्हणत होते.

काकांनी जेवून आल्यावर शांतता ऐकायला हेडफोन लावले आणि त्यांच्या हातातली बडीशेप तिथंच राहिली. हूऽऽ फूस. हूऽऽ फूस. संथ, जड, मऊ. खाली कुठंतरी थेंब टपटपल्यासारखं काहीतरी. पोरीनं सुट्टीतसुद्धा काम केलं, त्यांना वाटलं, काय हिची चिकाटी. त्यांनी तो आवाज जरा सावकाश केला, जरा जाड केला आणि डोंगऱ्याच्या चित्रावर चिकटवून पुन्हाएकदाला बोलावलं.

ती चहा घेऊन यंत्रांच्या खोलीत आली तेव्हा मोठ्या स्पीकरमधून तिचा पंप श्वास घेत होता.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं अशी तापली की वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण पुन्हाएकदाकडे पाहिलं तर तो डोळे मिटून बसलेला. मान हलत नव्हती. पडद्यावर बर्फाची टेकडी वरखाली होत होती आणि मुलगी तिच्यावर गाल टेकवून पडली होती. चित्र संपलं. मग तो जे बोलला ते स्टुडिओत कुणी कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "बास. हाच."

मग विचारणं आलंच, कशानं केला? सुदैवानं तिथं एक रीत होती. सिनेमा पुरा होईपर्यंत आवाज कशाचा ते सांगायचं नाही, आणि तोवर सगळ्यांनी ओळखायचं. काका म्हणाले, सायकलचा पंप. चहावाला म्हणाला, ओली चादर आणि पंखा. पुन्हाएकदा म्हणाला की भाता, पण भाता तर त्यानंच नापास केला होता. ती रीतीच्या आड लपली आणि चहा ओतत राहिली.

पण त्याला आणखी आवाज हवे होते. डोंगऱ्या जागा होताना, पाऊस ऐकताना, मुलीला हुंगताना. आणि तेव्हा तिच्या डोक्यात एक विचार चमकला. ती अगदी गंभीर चेहरा करून म्हणाली की हा आवाज केव्हाही निघत नाही. जेवणाच्या सुट्टीत निघतो आणि एकदा दुपारी. खोलीत दुसरं कुणी चालत नाही, खिडकी झाकलेली लागते. स्टूल चालत नाही, पाठीला टेकू असलेली खुर्ची हवी. आणि तांब्याभर पाणी. तिला वाटलं, आता हा छताकडे बघेल. कसलं काय, त्यानं स्वतःच्या खोलीतली गादीची खुर्ची स्वतः उचलून आणली. पोराला जे मिळालं नव्हतं ते डोंगऱ्याला पाच मिनिटांत मिळालं. तिला हसूही आलं आणि थोडा संतापही आला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी बाटली खिडकीपाशी नेली, एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला. "पाणी तर घातलं नाहीस ना यात?" असं त्यांनी विचारलं. तरी ढब्बूला ते पाजताना त्या गुणगुणत होत्या, आणि ते तिनं ऐकलं.

इथंच सगळं संपायचं तर संपलं असतं. पण गुरुवारी गाडी अडली.

तिनं खुर्चीत बसून पंप लावला, आणि मनात आलं, माईक चालू आहे. या खेपेला तर आपण मुद्दामच चालू ठेवलाय. पलीकडे पुन्हाएकदा हेडफोन लावून जिवाचे कान करून बसला असेल. झालं. तिनं ढब्बूची टाळू आठवली, वास आठवला, सगळं आठवलं, पण पलीकडचे ते कानही आठवले. पंप कोरडाच चालत राहिला. कोरड्या पंपाचा आवाज वेगळा असतो, कर्कश, घाईघाईचा. पुन्हाएकदा दाराशी येऊन हळूच म्हणाला की आज डोंगऱ्या घाबरल्यासारखा वाटतोय, पुन्हा एकदा करू या का? त्याला काय माहीत. शुक्रवारी तर तिनं माईकची वायरच काढली, पण तोवर मनानं घेतलं ते घेतलंच. बाटलीत चमचाभर दूध. घरी सासूबाईंनी बाटली खिडकीपाशी नेलीसुद्धा नाही. लांबूनच बघितली. त्यांची नजर फळीवरच्या डब्याकडे गेली, आणि सून आत जाऊन ढब्बूला कुशीत घेऊन पडली आणि रडली. खूप रडली. पोरगा मात्र मजेत ओढत होता, आणि रडताना तिला तो घोटाचा आवाजही नीट ऐकू येईना.

शनिवार उजाडला. ती कामावर जायला निघाली तर सासूबाई तयार होऊन दारात. एका हातात ढब्बू, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत दुपटी, टोपडं आणि डबा. प्रयोग फसला की निष्कर्ष काढायच्या आधी उपकरण बघायचं असतं, त्या म्हणाल्या, शाळेत मी पोरांना हेच सांगायची. मंगळवारी भरली आणि गुरुवारी रिकामी, म्हणजे दोष तुझा नाही, जागेत काहीतरी आहे. ती बघितल्याशिवाय मी डबा उघडणार नाही. आणि बघून उघडायची वेळ आली तर तिथंच उघडीन.

स्टुडिओत त्यांनी सगळं पाहिलं. बाथरूम पाहिलं, दारावरची टकटक स्वतः ऐकली. सामानाची खोली पाहिली, उंदीरही पाहिला, म्हणजे त्यानंच यांना पाहिलं आणि तो पळाला. प्रत्येक ठिकाणी त्यांचं "हं" होतं, पण या खेपेला ते सुनेसाठी नव्हतं. मग त्या यंत्रांच्या खोलीत शिरल्या. तिथं पुन्हाएकदा आणि काका मंगळवारचाच श्वास परत परत लावून बघत बसले होते. नवा निघत नाही म्हणून दोघांचे चेहरे उतरलेले.

हूऽऽ फूस. हूऽऽ फूस.

सासूबाईंच्या खांद्यावर पेंगत असलेला ढब्बू खाडकन जागा झाला. मान वळवली, तोंड उघडलं, ओठांचा चंबू केला आणि मचमच करत स्पीकरच्या दिशेनं झेपावला. सासूबाईंनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा पडद्यावरच्या त्या केसाळ धुडाकडे, आणि शाळेत शेवटच्या बाकावरच्याला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अगं, हा तर आपला दुधाचा पंप."

 काकांच्या हातून बटण सुटलं आणि डोंगऱ्या अर्ध्या श्वासावर थांबला. तिनं ठरवलं की आता जे व्हायचं ते होऊ दे. ती म्हणाली, "हो. पंपच आहे. मंगळवारी मी इथं लपून दूध काढत होते, कारण बाथरूममध्ये उतरत नव्हतं. आणि तुम्ही ऐकताय हे कळल्यापासून इथंही उतरत नाही."

पुन्हाएकदाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला.  या खेपेला त्यानं छताकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "मी तुम्हाला बाथरूम दाखवलं होतं."  मग तो पडद्याकडे वळला, थांबलेल्या त्या टेकडीकडे बघत राहिला, आणि जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला की तरीच. तो इतका मोठा, इतका भुकेला, तरी त्या मुलीला काही करत का नाही, हे मला लिहितानाही कळलं नव्हतं. तो डोंगऱ्या नाहीच. ती आई आहे.

सासूबाईंना असल्या तात्त्विक गोष्टींशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं फर्मान काढलं. रोज दोन वेळा खोली सुनेला, आतून कडी. माईक बंद, आणि बंद म्हणजे वायर काढून काकांच्या खिशात. लाल दिवा आजच्या आज बदला, एवढी यंत्रं सांभाळता आणि एक दिवा बदलवत नाही तुम्हाला. पुन्हाएकदा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. काका तर दिवा आणायला निघालेसुद्धा.

एवढ्यात ढब्बूनं भोकाड पसरलं. ज्याचा आवाज येत होता तो माल कुठाय, असा त्याचा सरळ सवाल होता. ती त्याला घेऊन आपल्या खोलीत गेली, गादीच्या खुर्चीत बसली, पाठ टेकली. पोरानं झडप घातली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, पिशवी हातात, पिशवीत डबा. त्यांच्या कपाळावर तीच ती आठी. बघून तरी काय कळणार होतं त्यांना?

तिच्या मनात आलं, माझे कान धंद्याचे आहेत ना? मग धंदा कुठल्या दिवशी कामाला यायचा?

तिनं दिव्यासाठी निघालेल्या काकांना हाक मारून वायर परत लावून घेतली. काकांनी पलीकडे जाऊन एकच बटण वर केलं आणि पुन्हाएकदाला दंडाला धरून बाहेर नेलं. तिनं माईक आपल्या खांद्याजवळ ओढला आणि हेडफोन सासूबाईंपुढं धरले.

"आई, रेघा नाहीत. ऐका."

त्यांनी चष्मा सारखा केला, हेडफोन घातले, उलटे घातले, मग सुलटे. खाली बसल्या. ढब्बू भराभर ओढत होता, पावसात छत्री झटकावी तसा आवाज. सासूबाई नाकासमोर बघत होत्या, परीक्षा घेतल्यासारख्या. मग पान्हा आला. तिला तो आतून कळला, आणि पोराचं ओढणं लांबलं, संथ झालं.

सासूबाईंचा हात हवेत थांबला.

एक. मग जरा वेळानं आणखी एक. त्यांच्या कानात, अगदी मधोमध, मोठ्ठा, ओला, खोल. घोट, श्वास, घोट. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. कानांवर हेडफोन असलेली माणसं बोलतात तशा त्या मोठ्यानं बोलल्या, इतक्या मोठ्यानं की ढब्बूनं दचकून तोंड सोडलं आणि परत धरलं.

"पितंय गं. घटाघटा पितंय."

 त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. थोड्या वेळानं हेडफोन न काढताच त्या बोलायला लागल्या, आता हळू. "माझ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, तुझं दूध पातळ आहे, त्यानं पोट भरायचं नाही. मी खरं मानलं. आयुष्यभर सगळं मोजून घेतलं, तेवढं एक बघितलंसुद्धा नाही." त्यांनी ढब्बूकडे पाहिलं. "तुझा नवरा डब्यावरही वाढला चांगला. त्याचं काही नाही. पण मला पाजायचं होतं गं."

 तिनं मोकळा हात पुढं केला, आणि सासूबाईंनी तो घट्ट धरला. दोघी तशाच बसून राहिल्या, एकीच्या कुशीत पोरगा आणि दुसरीच्या कानात.

ढब्बूचं एका बाजूचं आटोपलं. त्यानं डोकं मागं टाकलं, हनुवटीवरून दुधाचा ओघळ, डोळे अर्धे मिटलेले. तिनं त्याला खांद्यावर घेऊन थोपटलं आणि त्यानं असा ढेकर दिला की पलीकडच्या यंत्राचा काटा लाल खुणेला जाऊन आपटला. सासूबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पिशवीतून डबा काढून कोपऱ्यातल्या कॉर्नफ्लोअरच्या पिशवीशेजारी ठेवला. ते पीठ काय करता, त्यांनी विचारलं. बर्फ, ती म्हणाली. मग हाही बर्फाला घ्या, असं त्या म्हणाल्या, शनिवारी डबा उघडायचा म्हटलं होतं, तर उघडू.

तिनं ढब्बूला दुसऱ्या बाजूला घेतलं. दार किंचित उघडलं आणि पुन्हाएकदानं नुसतं डोकं आत घातलं, डोळे जमिनीकडे. त्याला विचारायचं होतं, चालत असेल तर, म्हणजे दोघींची हरकत नसेल तर, डोंगऱ्याला, म्हणजे आता डोंगरीलाच, एक पिल्लू असतं असं त्याच्या मनात आलं होतं, आणि त्या पिल्लाला ढब्बूचा आवाज, अगदी थोडासाच…

सासूबाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. दुसऱ्या बाजूला घेतलेल्या पोराची धून बदलली होती, ओढणं परत संथ व्हायला लागलं होतं. त्यांनी हेडफोन कानांवर नीट बसवले, डोळे मिटले, आणि त्या खोलीत ते शब्द किती वेळा बोलले गेलेत याची काडीइतकी कल्पना नसताना, समाधानानं मान हलवत म्हणाल्या, "पुन्हा एकदा."